तिकडून काय आणलं?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. 'कशी झाली ट्रिप?' हा पहिला. त्याचं उत्तर कुणी ऐकत नाही. 'तिकडे जेवायचं काय केलं?' हा दुसरा. त्याचं उत्तर सगळे मन लावून ऐकतात. आणि ज्याच्यासाठी पहिले दोन विचारलेले असतात तो तिसरा. 'तिकडून काय आणलं?'

पुण्या-मुंबईच्या ऑफिसात हा पेपर सोपा असतो. एअरपोर्टवर घेतलेला चॉकलेटचा डबा पॅन्ट्रीत ठेवायचा, ग्रुपवर एक मेसेज टाकायचा, की दहा मिनिटांत डबा साफ. जवळच्या दोघातिघांना फ्रिज मॅग्नेट, बॉसला ड्युटी फ्रीमधलं काहीतरी. विषय संपला!

माझा पेपर थोडा अवघड आहे. तो मला आर्णीत द्यावा लागतो.

'आर्णी म्हणजे नक्की कुठं?' असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: यवतमाळ जिल्हा, नागपूर-तुळजापूर रस्ता, अरुणावती नदी. यवतमाळहून एसटीत बसलात की चाळीसेक किलोमीटर. पिकं म्हणाल तर कापूस, सोयाबीन, तूर. बाबा कंबलपोष यांचा दर्गा आणि त्यांच्या उरुसाला भरणारी मोठी यात्रा. २०१४ च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदींची 'चाय पे चर्चा' आमच्याच तालुक्यातल्या दाभडीत झाली, तेव्हा दोन दिवस आम्ही टीव्हीवर होतो. एवढी ओळख पुरे.

मी मास कॉम करून पुण्यात राहते आणि फ्रीलान्स लिहिते. वर्षा-दोन वर्षांत एखादी असाइनमेंट परदेशी घेऊन जाते. तिकीट आणि हॉटेलचा खर्च समोरचा करतो, शॉपिंगचा नाही. आमच्या बाबांच्या हिशेबात फ्रीलान्स म्हणजे 'सध्या घरीच असते' याचं इंग्रजी भाषांतर. त्यामुळे आर्णीत माझी बॅग उघडते तेव्हा तिच्यातून काय निघतं, यावर माझ्या अख्ख्या करिअरचा निकाल लागत असतो.

त्यात आईची यादी. ही यादी वस्तूंची नसते, घरांची असते. शेजारच्या चाची, समोरचे मास्तर, दोन मावश्या, आत्या, शेतात कामाला येणाऱ्या बाया, किराणावाले काका. 'एकाले दिलं अन् दुसऱ्याले नाही, तं वर्षभर धरून बसतात वं.' गेल्या वेळी मोजली तेव्हा बावीस घरं भरली. बजेट? माझ्या एका लेखाचं मानधन. तेही मिळालं तर!

सुव्हिनियर नावाचं जुनंच प्रकरण

'सुव्हिनियर' हा शब्द आपल्याला मॉल आणि एअरपोर्टने शिकवला, पण लांबून काहीतरी आणून वाटण्याची सवय आपली फार जुनी. आमच्याकडून माहूर जवळ. रेणुकेच्या दर्शनाला जो जातो तो तांबूल घेऊन येतो. विड्याची पानं कुटून केलेला तो प्रसाद चिमूटचिमूट करत गल्लीभर फिरतो. पंढरपूरहून चुरमुरे, बत्तासे, बुक्का आणि तुळशीची माळ येते. काशीहून गंगेचा सीलबंद गडू येतो आणि आल्यावर मावंदं घालावं लागतं. म्हणजे तुम्ही एकटे फिरून आलात हे आपल्याकडे कुणाला मान्यच नाही. सगळ्यांना थोडं थोडं फिरवून आणल्याशिवाय तुमची यात्रा पुरी होत नाही!

आणि परदेशवारी? लहानपणी मी आर्णीत परदेशी जाऊन आलेली माणसं पाहिली, ती कंपनीने ऑनसाइट पाठवलेली नव्हती. ती हजहून आलेली होती. चाचींच्या घरचं कुणी ना कुणी जाऊन आलं की आमच्याकडे मदिनेचा खजूर यायचा आणि जमजमचं पाणी. एवढ्या लांबून आणलेला तो एवढासा कॅन, त्यात किती घरं पुरायची! झाकणाझाकणाने वाटायचे, पण कुणाला चुकवायचे नाहीत. आजीने तर त्या खजुराच्या बिया एकदा कुंडीत लावून बघितल्या होत्या. कोंब आले. पुढं काही झालं नाही, पण आल्यागेल्याला ती 'हे मदिनेचं झाड' म्हणून दाखवायची.

आता जरा बघा. तांबूल काय, बुक्का काय, खजूर काय, या सगळ्यांत दोन गोष्टी सारख्या आहेत. एक, ते वाटता येतं. दोन, घेणाऱ्याला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. खजूर आर्णीच्या बाजारातही मिळतो. मदिनेचा खजूर म्हणजे तोच, तरीही तो नाही. अर्धा ओळखीचा, अर्धा नवा. परदेशातून काय आणावं याचा माझा सगळा फंडा या एका वाक्यात मावतो. हातात घेतल्यावर माणूस 'अरे, हे तर आपल्याकडे...' असं म्हणाला पाहिजे आणि लगेच 'पण हे असं का?' असंही विचारलं पाहिजे. पहिल्या अर्ध्यामुळे वस्तू घरात शिरते. दुसऱ्या अर्ध्यामुळे तुमची ट्रिप घरात शिरते.

शोकेसमधला आयफेल टॉवर

याच्या उलट काय होतं तेही प्रत्येक घरात बघायला मिळतं. हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये बोटाएवढा आयफेल टॉवर, सिंगापूरचा तोंडातून पाणी सोडणारा मरलायन आणि एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्या शेजारीशेजारी उभ्या असतात. दिवाळीला त्यांची धूळ पुसली जाते. कुणी आणलं होतं हेही हळूहळू विसरलं जातं.

बऱ्याचदा हा टॉवर पॅरिसचा नसतोच. टॉवरखाली विकल्या जाणाऱ्या कीचेन्स चीनमधल्या यीवूसारख्या शहरांतून जगभर जातात. झेजियांग प्रांतातलं हे शहर म्हणजे छोट्या-छोट्या वस्तूंचा जगातला सगळ्यात मोठा घाऊक बाजार. तिथे जगातलं कुठलंही शहर किलोवर मिळत असावं! पण सगळा दोष 'मेड इन चायना'वर ढकलू नका. मक्केच्या बाजारातल्या तस्बीह आणि जानमाजसुद्धा अनेकदा चीनमधून आलेल्या असतात. चाचींची तस्बीह कुठे बनली हे त्यांनी कधी विचारलेलं नाही, पण ती रोज त्यांच्या बोटांत असते. शोकेसमधल्या टॉवरला घरात काही काम नाही, एवढाच त्याचा प्रॉब्लेम.

या बाबतीत जपानी लोक सही आहेत. त्यांच्याकडे 'ओमियागे' नावाचा रिवाजच आहे. ऑफिसमधला माणूस सुट्टीवर दुसऱ्या गावी गेला की तिथली मिठाई घेऊन येतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळलेला, आत किती नग ते खोक्यावर छापलेलं, म्हणजे ऑफिसात माणसं किती तेवढे मोजून घ्यायचे. ज्या गावाला जाल तिथली खास चीज आणायची, अशी पद्धत. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मंग यात जपानी काय आहे?'

तिथं काय पिकते?

मागच्या वर्षी उझबेकिस्तानची असाइनमेंट आली. ताश्कंद, समरकंद, बुखारा, आठ दिवस. दिल्लीहून ताश्कंद विमानाने साधारण तीन तास. आर्णीहून नागपूरला एसटीने पोचायला मला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

घरी फोन करून सांगितलं. बाबा म्हणाले, 'ताश्कंद म्हणजे शास्त्रीजी गेले तिथं ना?' बरोबर. ११ जानेवारी १९६६, पाकिस्तानबरोबरच्या करारावर सही झाली त्याच रात्री. ताश्कंदमध्ये शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यांचा पुतळाही. मग थोडं थांबून बाबांनी शेतकरी माणूस कुठल्याही गावाबद्दल विचारतो तोच प्रश्न विचारला.

'तिथं काय पिकते?'

मी गुगल केलं. कापूस.

नुसता पिकत नाही, तो तिथे सगळीकडे आहे. उझबेकिस्तानच्या राजचिन्हावर एका बाजूला गव्हाच्या ओंब्या आणि दुसऱ्या बाजूला कापसाची बोंडं. ताश्कंदच्या मेट्रोत 'पख्ताकोर' नावाचं स्टेशन, भिंतींवर कापसाच्या नक्षीचं मोझेक. पख्ता म्हणजे कापूस, पख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. तिथल्या प्रसिद्ध फुटबॉल क्लबचं नावही पख्ताकोर. कापसाला ते 'ओक ओल्तिन' म्हणतात, म्हणजे पांढरं सोनं. वऱ्हाडात वाढलेल्या मुलीला याचं भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

आणि चहाचे कप! तिथल्या चहाला 'चोय' म्हणतात आणि तो बिनकानाच्या वाटीसारख्या पेल्यातून पितात. पेल्याचं नाव 'पियोला', म्हणजे आपला प्याला. ताश्कंदमधल्या पहिल्याच हॉटेलात माझ्यासमोर जो पियोला आला तो गडद निळा होता. त्यावर पांढरी बोंडं फुटलेली, कडेने सोनेरी रेघ. मला वाटलं, याच हॉटेलची खास क्रॉकरी असेल. मग दुसऱ्या हॉटेलात तोच. रेल्वे स्टेशनजवळच्या टपरीवर तोच. समरकंदच्या गेस्ट हाउसमध्ये तोच. सोव्हिएत काळापासून चालत आलेलं हे डिझाइन तिथे घरोघरी आहे, जशी आपल्याकडे स्टीलची ताटं. टुरिस्टांसाठी बनवलेलं नाही, म्हणून टुरिस्टांचं तिकडे लक्षही जात नाही.

बाबांसाठी काय घ्यायचं हे त्या पहिल्या कपालाच ठरलं.

बाजार, दुकान आणि हुन्नर

ताश्कंदमधला चोर्सू बाजार म्हणजे एक भलामोठा निळा घुमट आणि त्याच्या आजूबाजूला सगळं जग. इथे मराठी माणसाचं फार अडत नाही. बाजार म्हणजे 'बोजोर', दुकान म्हणजे 'दुकोन', समोसा म्हणजे 'सोम्सा', आणि कारागिराला म्हणतात 'हुनरमंद'. आपल्या 'हुन्नर'चा सख्खा भाऊ! फक्त पैशांना घाबरू नका. तिथल्या 'सोम' या चलनात शून्यं इतकी असतात, की चहा प्यायला तरी गृहकर्ज काढल्यासारखं वाटतं.

माझी खरेदीची पद्धत साधी आहे. दारात टुरिस्ट बस उभी असेल ते दुकान सोडायचं. गावातल्या बायका पिशव्या घेऊन जिथे जातात तिथे जायचं. हातात वस्तू घेऊन 'ही कुठे बनली?' आणि 'तुमच्या घरी आहे का?' हे दोन प्रश्न विचारायचे. दुसऱ्या प्रश्नाला दुकानदार हसला तर समजायचं, बरोबर जागी आलोय. हस्तकला हवी असेल तर जिथे माणूस समोर बसून काम करतोय तिथून घ्यायची. रिश्तानची निळी मातीची भांडी, मार्गिलानचं इकत रेशीम, समरकंदजवळच्या कोनिगिल गावात तुतीच्या सालीपासून बनणारा कागद, हे सगळं तिथलंच आहे. बजेट नसेल तर नुसतं बघा. मीही तेच केलं.

पियोल्यांचा सहाचा सेट आणि चहाची किटली मात्र घेतली. आर्णीच्या बाजारात स्टीलचा बरा डबा येतो तेवढ्या पैशांत.

राहिली बावीस घरं. त्यांचं उत्तर बुखाऱ्यात सापडलं. तिथे चहाबरोबर पिवळसर खड्यांची एक साखर ठेवतात. दोऱ्यावर धरलेले मोठेमोठे स्फटिक, काचेच्या झुंबराचे तुकडे असावेत तसे. नाव 'नव्वोत'. म्हणजे आपली खडीसाखर, पण रंगाने मधासारखी आणि आकाराने दांडगी. फुटत नाही, सांडत नाही, खराब होत नाही आणि वाटली की संपते. दोन किलो घेतली. चाचींच्या वाटणीची मात्र वेगळी. बुखाऱ्याजवळ बहाउद्दीन नक्षबंद या चौदाव्या शतकातल्या सुफी संताचा दर्गा आहे. चाचींच्या वाटणीची नव्वोत तिथून घेतली आणि पुडीवर पेनाने तसं लिहून ठेवलं.

जाता जाता दोन सूचना, कारण हे प्रश्न मला हमखास विचारले जातात. 'तिकडचं बी आण थोडं' असं घरून कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. बियाणं आणि रोपं परवान्याशिवाय आणि रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात आणता येत नाहीत. २००३ पासून तसा स्पष्ट आदेश आहे, आणि तो बरोबरच आहे. एक किडकी बी गावाला महागात पडू शकते. दुसरं, जुन्या बाजारातली पुरातन वस्तू उचलण्याआधी चौकशी करा. उझबेकिस्तानसारख्या अनेक देशांत जुन्या वस्तू बाहेर न्यायला सरकारी प्रमाणपत्र लागतं.

रिकाम्या हाताने जाऊ नका

आणायचं तसं न्यायचंही असतं. आमच्या भागात बंजारा तांडे पुष्कळ. जाताना मी तिथल्या एका बाईंच्या हातचा कशिद्याचा बटवा नेला होता. आरसे, कवड्या, लाल-पिवळ्या दोऱ्याचं घट्ट काम. समरकंदच्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाई पन्नाशीच्या पुढच्या, आधी शाळेत शिकवायच्या. बटवा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सरळ उलटा केला आणि मागची बाजू बघायला लागल्या! भरतकाम येणारी बाई जगात कुठेही असली तरी आधी मागची बाजू बघते, हे मला तेव्हा कळलं. मग आतून त्यांनी स्वतःच्या लग्नातली 'सुझानी' आणली. सुझान म्हणजे सुई. मुलीच्या लग्नासाठी आई, आजी, मावश्या मिळून हे मोठं कापड भरतात. आमच्यात भाषा नव्हती, मोबाइलवरचं भाषांतर होतं. पण टाके दाखवायला भाषा लागतेच कुठे?

मग चहा आला. त्याचाही एक रिवाज आहे. आधी किटलीतला चहा पियोल्यात ओतून परत किटलीत टाकायचा, असं तीनदा. मग पाहुण्याला द्यायचा तो अर्धाच. अर्धा दिला म्हणजे 'पुन्हा मागा, बसा अजून.' काठोकाठ भरून दिला तर समजायचं, निघायची वेळ झाली.

त्या अर्ध्या पियोल्यावरच्या बोंडाकडे बोट दाखवून मी सांगितलं, माझे बाबा हे पिकवतात. बाई थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, आम्ही हे वेचलंय. कॉलेजात असताना दर हंगामात वर्ग बंद करून सगळ्यांना शेतावर नेत. शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायचं, सकाळी वेचणीला. रोजचे किलो ठरलेले. पुढे शिक्षिका झाल्यावरही तेच. 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

हे नुसतं त्यांचं गाऱ्हाणं नव्हतं. सोव्हिएत काळात सुरू झालेली ही सक्ती देश स्वतंत्र झाल्यावरही अनेक वर्षं चालली. विद्यार्थी, शिक्षक, नर्स, डॉक्टर, सगळ्यांना कापूस वेचायला जावं लागे. कापसाला पाणी हवं म्हणून अमू दर्या आणि सीर दर्या या नद्या वळवल्या गेल्या आणि १९६० च्या दशकापासून अरल समुद्र आटत गेला. जगभरच्या कपड्यांच्या ब्रँड्सनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला. २०२० मध्ये सरकारने कापसाचा सरकारी कोटा रद्द केला. २०२१ च्या हंगामात पद्धतशीर सक्तीची मजुरी आणि बालमजुरी उरली नव्हती, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं. त्याच महिन्यात बहिष्कारही उठला.

म्हणजे ज्या बोंडांच्या कपातून अख्खा देश चहा पीत होता, ती बोंडं त्याच देशातली पोरं सक्तीने वेचत होती. बाई मात्र तोच कप रोज वापरत होत्या. 'राग नाही येत?' मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले आणि मला पुन्हा अर्धा चहा ओतला.

कितीले पडलं?

आर्णीत पोचले त्या संध्याकाळी आईने नव्वोतचे खडे बत्त्याने फोडले. बावीस घरांच्या पुड्या बांधायला तासभर लागला. आजीने एक खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाली, 'ही तं नाबदसाखर.' खडीसाखरेचा हा जुना शब्द मी प्रथमच ऐकत होते. नव्वोत आणि नाबद! बुखाऱ्यात शिकलेला शब्द आजीच्या तोंडात आधीपासून होता.

चाचींनी पुडीवरचं नाव वाचलं, पुडी कपाळाला लावली आणि आत ठेवून आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने सांगितलं, नातवाच्या परीक्षेला जाताना त्यातला एक खडा त्याच्या तोंडात घातला होता.

बाबांनी खोकं उघडलं. एक पियोला हातात घेऊन खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला आणि उजेडात फिरवला. 'हे तं कापसाचं बोंड हाय.' मग अर्थातच, 'कितीले पडलं?' मी आकडा सांगितला. 'एवढुसा कप. एका घोटात संपते.' मग मी त्यांना अर्ध्या चहाचा रिवाज सांगितला. तो त्यांना फार आवडला नाही. आमच्याकडे चहा बशीत सांडेपर्यंत भरतात!

पण त्या रात्री जेवणानंतर त्यांनी स्वतःहून विचारलं, 'तिथं वेचणीले बाया भेटतात का?' कापूस पिकवणाऱ्याचा हा खरा प्रश्न. मी त्यांना गेस्ट हाउसच्या बाईंची गोष्ट सांगितली. कॉलेज बंद करून नेलेल्या पोरी, ठरलेले किलो, शाळेतल्या फरशीवर झोपणं. बाबा ऐकत राहिले. 'मजुरी भेटे का त्याईले?' अगदी थोडी, असं मी सांगितलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'चौथीत होतो मी. सीतादही झाली की मले वावरात नेत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शाळाच नाही. सरकारनं नव्हतं नेलं. घरच्यांनीच नेलं.'

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आमच्याकडचा विधी. लहानपणी माझ्यासाठी ती सहल असायची. दहीभात खायचा, बोरं वेचायची, संध्याकाळी बैलगाडीतून घरी. बाबांसाठी तो शाळेचा शेवटचा दिवस असायचा, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून! ते सांगायला समरकंदच्या एका अनोळखी बाईची गोष्ट लागली आणि मध्ये एक निळा कप.

झोपायला जाताना ते दारात थांबले. 'हे त्या बाईचं लिहिलं काय तू?'

'अजून नाही.'

'मंग लिही. तुझं काम तेच ना?'

फ्रीलान्सची व्याख्या आमच्या घरात त्या रात्री बदलली, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांना त्यांनी 'सध्या घरीच असते' असंच सांगितलं. पण त्याआधी मास्तरांना निळ्या कपात चहा दिला आणि तो कुठून आला, त्यावर काय आहे, ते कोण वेचायचं, हे सगळं पाच मिनिटं उभं राहून सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आकडे थोडे इकडेतिकडे झाले होते. गोष्ट शाबूत होती.

तर, तुम्ही निघाल तेव्हा दहा 'मस्ट बाय' वस्तूंची यादी मोबाइलवर शोधालच. शोधा. पण त्याआधी घरी एक फोन करा आणि आई-बाबांना, आजीला सांगा, मी अमुक देशात चालले आहे. मग गप्प बसा. ते काहीतरी विचारतील. तिथं काय पिकते, तिथल्या बाया काय नेसतात, तिथं थंडी कशी असते, ते लोक मेल्यावर काय करतात. काहीही विचारतील. त्या प्रश्नाचं उत्तर ज्या वस्तूत सापडेल ती घ्या. महाग असेल तर छोटी घ्या. घेता येत नसेल तर फोटो काढून प्रिंट काढा. आणि ती कुणाच्या हातची आहे, एवढं विचारून ठेवा, कारण घरी पहिला प्रश्न किमतीचा असला तरी दुसरा हाच असतो.

सहा पियोल्यांपैकी पाच उरलेत. एक भाच्याने फोडला. आईने तुकडे टाकून दिले, बाबांनी बोंडाचा तुकडा काढून खिडकीत ठेवला आहे. उरलेले पाच रोज वापरात असतात. फक्त काठोकाठ भरलेले.